घड्याळाची गोळी

डिस्चार्ज कार्ड हा आपल्या घरांत सर्वांत जपून ठेवला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा कागद असावा. एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात, रेशनकार्डाशेजारी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात तो वर्षानुवर्षं राहतो. माणूस गेल्यावरही राहतो. वाई तालुक्यातल्या एका घरात असाच एक कागद माझ्या हातात आला. रुग्ण पासष्टीचे, तोंडाचा कॅन्सर. मुंबईला ऑपरेशन झालं होतं, शेक घेऊन झाले होते, आणि वर्षभरानं आजार उलटला होता. कागदाच्या तळाशी इंग्रजीत तीन ओळी होत्या: मॉर्फिन १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, पोट साफ होण्याचं औषध, रोज रात्री, आणि यापुढे त्रास कमी करणारे उपचार घरीच चालू ठेवावेत, अशा अर्थाचं एक वाक्य.

गोळ्यांची पट्टी मात्र जवळजवळ भरलेली होती.

घरी भेटीला आलेल्या नर्सनं सुनेला विचारलं, “ताई, दिवसाला किती गोळ्या देता?”

“लई कळ आली तरच देते. कडक गोळी हाय म्हनं, मेडिकलवाल्यानं पट्टी बघून सांगितलं. आत्ताच सगळ्या संपवल्या तर पुढं काय देनार मामंजींना?”

यात हलगर्जीपणा शोधूनही सापडला नसता. सणासाठी तूप राखून ठेवावं तशा तिनं गोळ्या राखून ठेवल्या होत्या. सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि आपल्याबद्दल चाललेलं बोलणं आपलं नाहीच अशा बेतानं ऐकत होते.

नर्स म्हणाली, “हे दुखणं चोवीस तासांचं आहे. गोळीचा असर चार तास टिकतो. तो उतरायच्या आत पुढची गोळी पोटात गेली पाहिजे. कळ चढल्यावर दिली तर तीच गोळी पुरत नाही.” मग तिनं भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि जिथे दुधाचा हिशेब मांडला होता तिथेच वेळा लिहिल्या: सहा, दहा, दोन, सहा, दहा. झोपमोड होऊ नये म्हणून रात्री दहाचा डोस दुप्पट द्यायचा, हे तिनं डॉक्टरांना फोन लावून विचारून घेतलं. एवढं झाल्यावर आपण उठलो असतो. ती उठली नाही. “आता मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. संध्याकाळी दादा कामावरनं आले की त्यांना काय सांगाल?”

सुनेनं वेळा बिनचूक सांगितल्या. पोटाच्या औषधाचंही सांगितलं. आणि शेवटी जोडलं, “झोपले असतील तर उठवायचं न्हाई, ती गोळी सोडायची.”

इथे गाडी रुळावरून उतरली असती. दुपारची एक गोळी सुटली की संध्याकाळी कळ पुन्हा वर चढते आणि घरातले म्हणतात, बघा, त्या गोळीनंही काही होत नाही. नर्सनं समजावलं, की झोपले असले तरी हलवून उठवा, गोळी द्या, पुन्हा झोपू द्या. हाक मारूनही उठत नसतील, श्वास फारच संथ वाटत असेल, तर मात्र गोळी थांबवा आणि आधी मला फोन करा. सुनेनं पुन्हा सगळं म्हणून दाखवलं.

ही त्रुटी ‘समजलं ना?’ एवढंच विचारून बाहेर आली नसती. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे डॉक्टरांसमोर एकच उत्तर असतं, ‘हो’. या उलट सांगून घेण्याच्या पद्धतीला रुग्णालयांत ‘टीच-बॅक’ म्हणतात. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. दहा मिनिटं लागतात, आणि आपल्या ओपीडीत नेमकी तीच नसतात.

*

गंभीर आजारी माणसाच्या देखभालीचा दर्जा आपण खाटा, तज्ज्ञ आणि यंत्रं मोजून ठरवतो. तो खरा ठरतो घरात, रात्री दोन वाजता, जेव्हा रुग्ण तळमळत असतो आणि जागं असलेलं एकमेव माणूस म्हणजे सून, बायको किंवा बारावीतली मुलगी असते. तिला काय सांगितलं गेलं, त्यातलं काय कळलं, आणि न कळलेलं कोणाला विचारायचं, यावर त्या रात्रीचा सगळा कारभार चालतो. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या देखभालीची, चर्चा करताना आरोग्यसाक्षरतेला आपण पत्रकं छापण्याच्या खात्यात टाकतो. माझ्या मते ती उपचाराचाच भाग आहे आणि तिचाही डोस चुकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा देखभालीची गरज असते आणि ती मिळते साधारण १४ टक्क्यांना. आपल्या मनात ही सेवा कॅन्सरशी जोडलेली असली, तरी याच संघटनेच्या हिशेबात गरज असलेल्या प्रौढांमध्ये हृदयविकाराचे रुग्ण ३८.५ टक्के आहेत आणि कॅन्सरचे ३४ टक्के. उरलेल्यांत दम्यासारखे फुप्फुसांचे जुने विकार, मूत्रपिंड निकामी होणं, एड्स, विस्मरणाचे आजार असं सगळं येतं. पायऱ्या चढताना धाप लागते म्हणून दोन वर्षं घराबाहेर न पडलेल्या आजोबांनाही पॅलिएटिव्ह केअरची गरज असते, हे त्यांच्या घरच्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

हे शास्त्र उभं राहिलं ते एका बाईच्या हट्टातून. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्या रुग्णांच्या वेदनेकडे डॉक्टरांनी लक्ष द्यावं म्हणून शेवटी स्वतःच डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना फक्त शरीराची नसते, त्यात पैशाची चिंता, पोरांची काळजी, देवावरचा राग असं सगळं मिसळलेलं असतं, असं त्या सांगत. नियमित वेळाने तोंडावाटे वेदनाशामक देण्याचा आग्रहही त्यांचाच. वाईच्या घरातल्या कालनिर्णयावर उमटलेले पाच आकडे असे लंडनहून चालत आलेले आहेत.

आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस महाराष्ट्रातच सुरू झालं. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन काढलं. ख्रिस्ती धर्मभगिनी तिथली शुश्रूषा सांभाळतात. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीला त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. तिथे पैसे घेत नाहीत, पण घरातल्या एका माणसाला रुग्णासोबत राहावं लागतं. ही अट मला त्या केंद्राची सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. कूस कशी बदलायची, नळीतून भरवताना डोकं किती उंच ठेवायचं, जखम कशी धुवायची हे ते माणूस डोळ्यांनी बघतं, हातानं करतं आणि शिकून घरी जातं. परळच्या टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि २०१२ पासून तिथे यात एमडी करता येतं. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात या विषयाचा पाया पक्का आहे. गडचिरोलीहून किंवा धाराशिवहून बघितलं की चित्र वेगळं दिसतं.

परळहून गावाकडे परतणाऱ्यांना बरंचसं शिक्षण मिळतं ते रुग्णालयाबाहेर. दादरला गाडगेबाबांच्या नावानं चालणारी धर्मशाळा आहे. गावोगावच्या कॅन्सर रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना तिथे आसरा मिळतो. कोणत्या किमोनंतर तोंड येतं, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, डाळिंब खायचं की नाही, हे सगळं अशा ठिकाणी व्हरांड्यात एकमेकांना सांगितलं जातं. त्यातलं निम्मं अचूक असतं, उरलेलं ऐकीव. पण एक गोष्ट तिथे असते जी ओपीडीत नसते. पुन्हा पुन्हा विचारण्याची मुभा.

*

मॉर्फिनची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण सुनेच्या मनातल्या ‘कडक गोळी’च्या भीतीमागे कायदा आहे.

अफू आपल्या देशात सरकारी परवान्यानं पिकते. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात तिची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. जगाच्या औषध कंपन्यांना अफू पुरवणाऱ्या देशांत भारत मोठा. आणि याच देशात कॅन्सरचा रुग्ण मॉर्फिनविना तळमळत राहिला. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. अनेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. एका रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे परवाने लागू लागले, आणि एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी सोपा मार्ग घेतला. ठेवणंच बंद केलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. या काळात जे डॉक्टर शिकून बाहेर पडले त्यांनी मॉर्फिनची गोळी हातात धरलेलीच नव्हती. त्यांना तिची भीती वाटली तर नवल नाही, आणि डॉक्टरची भीती रुग्णापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही.

केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारख्या सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवून देशभर एकच नियमावली आली. आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. कायदा सुटसुटीत झाला, सवय मात्र बदलायला वेळ घेते आहे. दुसरीकडे, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१७ मध्ये मांडलेला हिशेब असा, की जगात दर वर्षी वाटल्या जाणाऱ्या मॉर्फिनच्या जातीच्या २९८.५ टन औषधांपैकी सर्वांत गरीब देशांना मिळतात ०.१ टन. पश्चिमेत या औषधांचा अतिरेक झाला, व्यसनाची साथ आली, त्या बातम्या आपण वाचतो आणि आपल्या घरातल्या रुग्णाला गोळी द्यायला कचरतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, पण वाईतल्या आजोबांचा पश्चिमेतल्या अतिरेकाशी काही संबंध नाही. कॅन्सरच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत, देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचित लागतं. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. म्हणून जिथे मॉर्फिन तिथे पोटाचं औषध, हा नियम. तो सांगितला नाही की चार दिवस पोट साफ न झालेला रुग्ण स्वतःच म्हणतो, नको ती गोळी, दुखलेलं परवडलं.

*

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हा समज शहरात आणि खेड्यात सारखाच आहे. बऱ्याच डॉक्टरांचाही तोच आहे, म्हणून ते रुग्णाला तिकडे पाठवतातच उशिरा. याला छेद देणारा एक अभ्यास अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसांचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण घेतले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार दिले, उरलेल्यांना तेच उपचार आणि सोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाचं जगणं सुसह्य झालं, उदासी कमी राहिली. अखेरच्या दिवसांत त्यांनी जोरकस उपचार कमी घेतले. आणि तरीही ते अधिक जगले. मध्यक ११.६ महिने, पहिल्या गटाचं ८.९. एकाच रुग्णालयातला, एकाच आजारावरचा अभ्यास आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘तिकडे पाठवलं म्हणजे सोडून दिलं’ असं म्हणणाऱ्याला तो दाखवायला हरकत नाही.

सांगण्याचा प्रश्न इथूनच अवघड होतो. आजार काय आहे हे कोणाला सांगायचं?

आपल्या ओपीडीतलं ठरलेलं दृश्य असं असतं. रिपोर्ट घेऊन मुलगा आधी एकटा आत येतो. “डॉक्टर, वडील बाहेर बसलेत. त्यांच्यासमोर कॅन्सर म्हणू नका. खचतील ते.” मग वडील आत येतात. त्यांच्यासमोर ‘गाठ’, ‘सूज’, ‘इन्फेक्शन’ असं बोललं जातं. वडील मान डोलावतात. त्यांनी वॉर्डाबाहेरची पाटी वाचलेली असते, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी गप्पा मारलेल्या असतात, केस गळताना आरशात बघितलेलं असतं. त्यांना कळलेलं असतं, आणि आपल्याला कळलंय हे मुलाला कळू नये म्हणून तेही धडपडत असतात. एकाच खोलीत दोघे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतात. या खेळात जमीन कोणाच्या नावावर करायची, धाकटीचं लग्न लवकर उरकायचं का, काशीला जायचं राहिलं ते जायचं का, हे सगळं बोलायचं राहून जातं.

मुलाला दोष देणं सोपं आहे. मी देणार नाही. ही माया आहे, आणि आपल्याकडे आजार हा एकट्याचा नसतो, घराचा असतो. म्हणून ‘रुग्णाचा हक्क’ असं ठणकावून सांगून उपयोग होत नाही. अनुभवी डॉक्टर मुलाशी वाद घालत नाहीत. ते रुग्णाला विचारतात, “काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं?” आणि मग, “तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मुलाशी बोललं तर चालेल?” काही काका स्पष्ट म्हणतात, त्याच्याशीच बोला. तेही चालतं. ऐकायचं नाही हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच. पण विचारल्याशिवाय त्यांच्या वतीनं ठरवणं वेगळं.

मराठी माणसाला हा पेच नवा नाही. ‘श्वास’ या चित्रपटाचा तोच तर गाभा आहे. कोकणातल्या परशाच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि डॉक्टर अडून बसतो की ऑपरेशनआधी मुलाला हे सांगितलंच पाहिजे. आजोबांच्या तोंडून ते निघत नाही. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला २००३ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो ऑस्करसाठी गेला, आपण सगळे थिएटरात रडलो. घरी येऊन मात्र आपापल्या आजोबांना ‘किरकोळ गाठ आहे’ असंच सांगत राहिलो. ‘आनंद’मधल्या राजेश खन्नाला तर आजाराचं अख्खं नाव पाठ होतं. पडद्यावरच्या रुग्णाला सत्य पेलतं अशी आपली खात्री आहे, घरातल्याबद्दल नाही.

*

काही गोष्टी अशा आहेत की त्या वेळेवर कळल्या तर घर बदलतं. त्यातली एक वासाची. तोंडाचा किंवा स्तनाचा कॅन्सर वर फुटून आला की जखमेला दुर्गंधी सुटते. रुग्णाला स्वतःलाही ती येत असते. नातवंडं खोलीत येईनाशी होतात, शेजारीण दारातूनच विचारपूस करून जाते, ताट लांबून सरकवलं जातं. हा वास जंतूंमुळे येतो आणि मेट्रोनिडाझोल या साध्या, स्वस्त गोळीनं तो आटोक्यात येऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितल्यावर गोळ्या स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवायच्या, लाटण्यानं त्यांचा बारीक भुगा करायचा आणि मिठाच्या पाण्यानं धुतलेल्या जखमेवर भुरभुरायचा. आठवडाभरात फरक दिसू लागतो. गृहभेटी करणाऱ्या नर्स सांगतात, की रुग्णाचे दोन शब्द वाढले आहेत हे त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतं, कारण खोलीत बसायला माणसं आलेली असतात. अंबाड्याच्या काढ्यापासून गोमूत्रापर्यंत काय काय करून बघितलेल्या घरात ही एक गोष्ट तेवढी कोणी सांगितलेली नसते.

दुसरी गोष्ट जेवणाची, आणि ही सर्वांत नाजूक. शेवटच्या आठवड्यांत भूक मरते. शरीराला अन्न पचवायचं नसतं. पण मराठी घरात न जेवणारं माणूस म्हणजे घरच्या बाईचं अपयश. दोन घास भरवण्यासाठी विनवण्या होतात, मग रागावणं होतं, मग ठसका लागतो आणि घास श्वासनळीत जातो. त्यानंतरची मागणी ठरलेली: “निदान सलाईन तरी लावा, डॉक्टर.” पाहुणेही हेच विचारतात, सलाईन लावलं का? अखेरच्या दिवसांत शिरेतून दिलेलं पाणी पुष्कळदा अंगावर सूज आणि छातीत घुरघुर वाढवतं. त्यापेक्षा ओल्या कापसानं तोंड पुसत राहणं, ओठांना तूप लावणं, मागितलं तर चमचाभर चहा देणं यानं आराम पडतो. हे आधी समजावून सांगितलं असेल तर ‘आम्ही त्याला उपाशी मारलं’ हा सल पुढे मनात राहत नाही.

गंमत अशी, की स्वेच्छेनं अन्नपाणी सोडून जाणाऱ्या मोठ्या माणसांपुढे आपण हात जोडतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषधही नाकारलं, तेव्हा देशभरातून माणसं दर्शनाला गेली. जैन परंपरेतली सल्लेखना आपण आदरानं बघतो. विनोबांचा तो निर्णय होता आणि आजारी आजीची ती शरीराची अवस्था आहे, हा फरक आहेच. पण आजीनं तोंड फिरवलं, तर तिच्याकडेही काही सांगण्यासारखं असू शकतं एवढं तरी आपण तिला द्यायला हवं.

तिसरी गोष्ट आयसीयूची. पैसे संपले किंवा आशा संपली की नातेवाईक ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ घरी नेत असल्याच्या कागदावर सही करतात. रुग्णालयांच्या बोलीत याला ‘लामा’ म्हणतात. या एका सहीनं रुग्णालयाची जबाबदारी संपते आणि रुग्ण बाहेर पडतो तो वेदनाशामकाशिवाय, धाप लागली तर काय करायचं या माहितीशिवाय, कोणाच्याही फोन नंबरशिवाय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०२० साली हृदय बंद पडल्यावर ते पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप कधी करू नये याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तसं नोंदवून, घरच्यांशी बोलून, औषधं बांधून देऊन रुग्णाला सन्मानानं घरी पाठवता येतं. पण त्यासाठी कोणीतरी खुर्ची ओढून अर्धा तास बसायला हवं. त्या अर्ध्या तासाचं बिल लावता येत नाही. व्हेंटिलेटरचं लावता येतं.

*

केरळनं घरच्या देखभालीचा हा प्रश्न डॉक्टरांच्या हातून थोडा काढून घेतला. १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि मंडळींनी एक छोटी संस्था सुरू केली. पुढे मलप्पुरम आणि आसपास शेजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. आठवड्यातून निदान दोन तास देऊ शकणारा कोणीही यावा, प्रशिक्षण घ्यावं, आपल्या गल्लीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जावं. शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी आले. २००८ साली राज्यानं धोरण केलं आणि ग्रामपंचायतींवर गृहभेटींची जबाबदारी टाकली. महाराष्ट्रानंही पुढे धोरण जाहीर केलं. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा आहे. गावच्या उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय आणि तिथे मिळायच्या सेवांच्या यादीत ही सेवाही आहे. यादीत आहे म्हणजे मिळते असं नाही, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. आशाताईंच्या पिशवीत आधीच किती वह्या आहेत ते एकदा बघावं. त्यात आणखी एक वही कोंबून ही सेवा उभी राहणार नाही. गावात मृदंग वाजवणारे, वारीत पाणी वाटणारे, गणपती मंडळात रात्रभर जागणारे हात आहेत. त्यांना कूस बदलायला शिकवणं हे मला अधिक शक्यकोटीतलं वाटतं.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून संवाद आणि नीतिमूल्यांचा रीतसर समावेश झाला. वाईट बातमी कशी सांगायची हे आता विद्यार्थ्याला शिकावं लागतं. शिकवलं जातं बहुतांशी इंग्रजीत. बातमी सांगायची असते मराठीत, आणि तीही सांगोल्याच्या, अक्कलकुव्याच्या, सावंतवाडीच्या.

शेवटी कायद्याचं, कारण याबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात आणि अर्धवट माहितीचे मेसेज फिरत असतात. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये कृत्रिम आधार काढून घेण्याची वाट तत्त्वतः मान्य केली, प्रत्यक्ष त्यांच्याबाबतीत नाकारली, कारण त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या परिचारिकांना ते नको होतं. २०१८ मध्ये न्यायालयानं इच्छापत्राला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली, पण त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. यात जीव घेण्याची परवानगी नाही. बरं होण्याची शक्यता उरली नसेल आणि आपल्याला बोलता येत नसेल, तेव्हा कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीनं कोणी बोलायचं, एवढंच लिहायचं असतं. त्यावरही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी विचार करायचा असतो. असे कागद सांभाळायला अधिकारी नेमलेच गेले नव्हते, म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले आणि राज्य सरकारला स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ते नेमावे लागले. गोव्यात तर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचंच इच्छापत्र नोंदवलं.

इच्छापत्र करायचं असेल तर आधी घरात बोला, कारण ज्या दिवशी ते लागेल त्या दिवशी तुम्ही बोलू शकणार नसाल. ज्यांची नावं लिहिलीत त्यांना ती लिहिल्याचं सांगा. एक प्रत त्यांच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिकेत, नगरपालिकेत किंवा पंचायतीत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. तिथल्या खिडकीवर ‘असलं काही आम्ही घेत नाही’ असं उत्तर मिळालं, तर आवक-जावक विभागात द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.